पुरलेले विष आणि मातीचे अस्तर

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. केर मात्र एकदा उंबऱ्याबाहेर गेला की त्याचे पुढे काय झाले, याची विचारपूस कोणी करीत नाही. इतिहासाच्या पुस्तकांत लढाया पानोपानी आहेत, केराला एक ओळही नाही. तथापि अशा एका केरानेच अमेरिकेसारख्या बलाढ्य देशाला नवा कायदा करावयास लावले. ती हकिगत वाचकांना सांगण्याजोगी आहे.

नायगारा धबधब्याजवळ १८९० नंतर विल्यम लव्ह नावाच्या गृहस्थाने कालवा खणून वीज काढण्याचा घाट घातला. पुढे पैसा आटला, बेत बारगळला आणि मागे उरला एक लांबट खड्डा. १९४२ पासून हुकर नावाच्या रसायन कंपनीने त्यात आपली टाकाऊ द्रव्ये पुरण्यास आरंभ केला. १९५३ पर्यंत सुमारे २१ हजार टन माल त्या खड्ड्याच्या पोटात गेला. तेथील जमीन चिकणमातीची, म्हणजे पाणी सहसा न जिरू देणारी. वरूनही मातीचेच झाकण घातले. १९५३ सालीच शहराच्या शाळामंडळाने ती जागा अवघ्या १ डॉलरला घेतली. खाली रसायने आहेत, हे खरेदीखतात नमूद होते. तरीही १९५५ साली तेथे शाळा भरू लागली, भोवती घरे उठली, आणि रस्त्यांसाठी व गटारांसाठी खणताना मातीचा बंदोबस्त ठिकठिकाणी फुटला.

गंमत अशी की, तळ गळका होता म्हणून अनर्थ झाला नाही. तळ बराच घट्ट होता. फुटक्या झाकणातून पाऊस व बर्फाचे पाणी आत शिरत गेले आणि रांजण भरून वाहावा तसे विष कडेने वर आले. ते लोकांच्या तळघरांत आणि अंगणांत पोचले. लोइस गिब्ज या गृहिणीने घरोघर हिंडून आजारांची टिपणे केली, शेजाऱ्यांना एकत्र आणले. ऑगस्ट १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली. शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली. १९८० साली असे विषारी खड्डे साफ करण्याचा कायदा झाला.

यातून अभियंते शहाणे झाले. आता कचऱ्याखाली चिकणमातीचा दाबलेला थर, त्यावर जाड प्लॅस्टिकची चादर, त्यावर पाझर ओढून घेणाऱ्या नळ्या आणि शेवटी पक्के झाकण, अशी रचना करतात. आपल्याकडील २०१६ च्या नियमांत चादर दीड मिलिमीटर आणि माती ९० सेंटिमीटर सांगितली होती. माती अशी हवी की, तिच्यातून पाणी वर्षाला जेमतेम ३ सेंटिमीटर सरकावे.

पण केरही बदलला. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. अशा मापाचे चांदीचे कण जंतू मरावेत म्हणून पायमोज्यांत घालतात, दुसरे कण रंगांत घालतात. धड चादरीतून हे कण जात नाहीत. मात्र सांधा नीट जुळला नसेल, खड्याने भोक पडले असेल, तर पाण्याबरोबर तेही निसटतात. खारट पाझरात ते एकमेकांना चिकटून जड होतात व मातीत अडकतात; परंतु कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे द्रव्य अंगाला लागले की सुटे राहून तरंगत जातात. नळ्यांनी ओढलेला पाझर शुद्ध केला, तरी पुष्कळ कण गाळात बसतात. मग तो गाळ टाकावयाचा कोठे?

मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडत आला. त्या काळी अस्तराची कल्पनाही कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. नव्या जागी अस्तर घालतात, हे उत्तमच. परंतु अस्तर विष नाहीसे करीत नाही, धरून ठेवते. नळ्या तुंबू न देणे, झाकण शाबूत राखणे, शेजारच्या विहिरींचे पाणी तपासणे, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी केली पाहिजेत. नायगाऱ्याला खरेदीखतातली ओळ होती, तिच्याकडे पाहणारा कोणी नव्हता.