खांद्यावरून कानावर

एकोणिसाव्या शतकातल्या मोठ्या शिकाऱ्यांच्या आठवणी वाचताना हत्ती-गेंड्यांइतकीच भीती त्यांच्या स्वतःच्या बंदुकांची दिसते. नाईलच्या खोऱ्यात फिरणाऱ्या सॅम्युअल बेकरकडे हॉलंडने घडवलेली एक बंदूक होती. वजन सुमारे 20 पौंड, गोळा अर्ध्या पौंडाचा. सोबतच्या अरबांनी तिचे नाव ‘तोफेचे पोर’ ठेवले होते. बार काढला की धक्क्याने आपण गरकन फिरतो आणि तिला हात लावायची धास्ती वाटते, असे या धिप्पाड माणसाने लिहून ठेवले आहे. फ्रेडरिक सेलूसने तरुणपणी आफ्रिकेत फोर-बोअर बंदुकांनी हत्ती मारले. त्या धक्क्यांनी आपल्या नसांवर परिणाम झाला, पुढे नेम बिघडला, अशी खंत त्याला कायमची राहिली. खांदा काळानिळा पडतो आणि बरा होतो. पण चाप ओढण्याआधीच अंग दचकायला लागले की ती खोड सहसा जात नाही.

या धक्क्याला पळवाट नाही. गोळी पुढे जाताना जेवढा संवेग घेऊन जाते, तेवढाच बंदूक मागे घेते. पण पुढे एकटी गोळी जात नाही, तिच्यामागून जळलेल्या दारूचा वायूही सुटतो. .30-06 या लोकप्रिय काडतुसात गोळी साधारण 11 ग्रॅमची आणि दारू साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते. वजनाने वायू कमी, पण नळीबाहेर तो गोळीपेक्षा बऱ्याच अधिक वेगाने पडतो. म्हणून धक्क्यातला त्याचा वाटा मोठा. गोळीला हात लावता येत नाही, वायूला मात्र वळवता येते. नळीच्या तोंडाशी भोके किंवा खाचा पाडून तो बाजूला, थोडा मागे सोडला, तर तो वळताना बंदुकीलाच पुढे खेचतो. मझल ब्रेकचे सारे रहस्य एवढेच.

ही कल्पना आधी तोफखान्यात सुचली. फ्रेंच अधिकारी त्रय द बोलिय याने 1842 मध्ये ती मांडली, आणि 1863 मध्ये 106 मिलिमीटरच्या तोफेच्या तोंडाशी मागे कललेली 36 भोके पाडून तिची चाचणी झाली. मागे सरकणे खूपच घटले. तरी कल्पना पडून राहिली. 1897च्या फ्रेंच तोफेत नळीच द्रवाच्या दाबावर मागेपुढे सरकू लागली आणि तोफखान्याची निकड काही काळ मिटली.

यापुढची हकिगत एका घराण्याची आहे, आणि मला ती या साऱ्या इतिहासाचा गाभा वाटते. हायरम मॅक्सिमने 1880च्या दशकात मशीनगन बनवली, ती या धक्क्याच्याच जोरावर. ज्या झटक्याने इतरांचे खांदे दुखत होते, त्यालाच त्याने रिकामे काडतूस फेकायला आणि पुढचे भरायला लावले. त्या बंदुकांच्या सहवासात त्याचे कान मात्र गेले. उतारवयात तो जवळजवळ बहिरा होता. त्याचा मुलगा हायरम पर्सी मॅक्सिम याने 1909 मध्ये सायलेन्सरचे अमेरिकी पेटंट घेतले. तोच वायू नळीच्या पुढे एका डब्यात अडवायचा, कप्प्याकप्प्यांतून फिरवायचा आणि दमवून सोडायचा. आवाज घटतो, शिवाय धक्काही. थिओडोर रूझवेल्टच्या विंचेस्टर रायफलवरही हा सायलेन्सर होता.

ब्रेक आणि सायलेन्सर ही अशी सख्खी भावंडे. एक वायूला बाजूने पळू देतो आणि आवाज वाढवतो, दुसरा त्याला कोंडतो आणि आवाज घटवतो. अमेरिकी मरीन कोअरचे अधिकारी रिचर्ड कट्स यांचा कॉम्पेन्सेटर, म्हणजे ब्रेकच्याच जातीची जोडणी, 1920च्या दशकात टॉमसन सबमशीनगनवर आला. लायमन कंपनीने तो शॉटगनसाठी विकला आणि स्कीट हा नेमबाजीचा खेळ खेळणाऱ्यांनी तो आपलासा केला.

1934 मध्ये अमेरिकेने टोळीवाल्यांना आवरण्यासाठी राष्ट्रीय शस्त्र कायदा केला. त्यात सायलेन्सरवर 200 डॉलर कर बसला. तेव्हाच्या मानाने ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. मझल ब्रेक मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला. माझ्या मते अमेरिकी शिकाऱ्यांच्या कानांचे पुढचे भवितव्य बऱ्याच अंशी इथेच ठरले. धक्का कमी करण्याच्या दोन वाटांपैकी शांत वाट महाग आणि संशयास्पद झाली, तर कर्कश वाट मोकळी राहिली.

त्यातच मॅग्नम काडतुसांचे युग आले. रॉय वेदरबीने कॅलिफोर्नियात 1945 मध्ये धंदा सुरू केला तो वेगाच्या वेडातून. 1950च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या त्याच्या .460 मॅग्नमचा धक्का .30-06च्या सुमारे पाचपट. अशा रायफलला ब्रेक हवाच होता. दारू जितकी जास्त, तितका ब्रेकचा फायदाही जास्त, त्यामुळे आणखी बलदंड काडतुसे काढायला धीर येत गेला. शिकाऱ्याचा खांदा वाचला आणि बाजूला उभ्या माणसाच्या कानांचा विचार करायचे कोणाला सुचले नाही.

बार कोणाच्या कानाजवळ होतो याला किती महत्त्व आहे, हे कुमाऊंच्या जंगलात जिम कॉर्बेट भोगून बसला होता. 1929 मध्ये एका सोबत्याच्या जड रायफलचा बार त्याच्या कानाजवळ झाला आणि पडदा फाटला. पुढे डोक्यात गळू झाले. त्या वेदनेतच तो तल्लादेसच्या नरभक्षक वाघिणीमागे गेला, आणि तो पाठलाग चालू असतानाच गळू फुटले. ती रायफल चालवणाऱ्याला काही झाले नाही. नळीच्या मागचा माणूस आणि तिच्या तोंडाजवळचा माणूस यांच्या वाट्याला येणारा आवाज एक नसतो.

मझल ब्रेक हा फरक वाढवतो. 140 डेसिबलच्या वरचा क्षणिक आवाज कानाला धोक्याचा मानतात. साधी शिकारी रायफल 155 ते 165च्या घरात बोलते, ब्रेक त्यात आणखी पाच-दहाची भर घालतो, आणि दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट होते. मोठ्या आवाजाला कानातला चिमुकला स्नायू आवळून बचाव करतो खरा, पण तो आवळेपर्यंत बार होऊन गेलेला असतो. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून नेमबाजांचा तोच कान आधी जातो. उंच पट्टीचे सूर हरवतात, मागे सततची गुणगुण उरते. आणि वाटाड्या, जो शिकाऱ्याच्या बाजूला, बऱ्याचदा किंचित पुढे असतो, त्याला तर हंगामभर दुसऱ्यांचे बार झेलावे लागतात. आफ्रिकेत वाटाड्याचे काम करणारे कित्येक व्यावसायिक शिकारी ब्रेक लावलेली रायफल पाहून नाराज होतात, ते रास्तच आहे.

ब्राउनिंग कंपनीने 1994 मध्ये नळीवर नेमाची जुळणी आणि ब्रेक एकत्र असलेली ‘बॉस’ नावाची जोडणी आणली. आवाजाच्या तक्रारी इतक्या आल्या की कंपनीला बिनब्रेकची ‘बॉस’ही विकावी लागली.

फिनलंड आणि नॉर्वेत मात्र शिकाऱ्याच्या रायफलवर सायलेन्सर असणे ही रोजची गोष्ट आहे. जर्मनीनेही 2020 मध्ये परवानाधारक शिकाऱ्यांची वाट सोपी केली. कारण सरळ आहे, कान. सायलेन्सरने 20 ते 30 डेसिबल कमी होतात. जोरदार काडतुसाचा बार तरीही कानठळ्या बसवणारा राहतो, कारण ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी स्वतःचा कडाका करतेच.

अमेरिकेत तो 200 डॉलरचा कर नव्वद वर्षांहून जास्त टिकला आणि 1 जानेवारी 2026 पासून शून्य झाला. नोंदणी मात्र चालूच आहे. कारखान्यातून येणाऱ्या बऱ्याच नव्या रायफलींच्या तोंडावर आता आटे पाडलेले असतात. त्याच आट्यांवर ब्रेकही बसतो आणि सायलेन्सरही. काय बसवायचे ते विकत घेणारा ठरवतो, वाटाड्याला अजून कोणी विचारत नाही.