वाट कुणी कुणाला द्यायची?

नगरहून पाथर्डी रस्त्याने बारा-तेरा किलोमीटर गेलं की डोंगरावर चांदबिबी महाल दिसतो. नाव चांदबिबीचं, पण वास्तू तिची नाही. निजामशाहीतला वजीर दुसरा सलाबतखान याची ती कबर आहे. नगरकरांनी एकदा चांदबिबीच्या नावावर केली ती केलीच. अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांत या चढावर पहाटे गर्दी असते. हेल्मेटवाले सायकलस्वार असतात, पायी फिरणारी मंडळी असतात आणि साखळीला कुत्रं बांधून आणणारेही असतात. दसरा उलटला की पायथ्याच्या रस्त्याला एखाद्या सकाळी चौथाही भेटतो, तो म्हणजे मेंढरांचा कळप घेऊन निघालेला धनगर.

सायकलवाला आणि कुत्रेवाला यांची हुज्जत मी तिथे अनेकदा ऐकली आहे. एक म्हणतो, कुत्रं आखडून धरा. दुसरा म्हणतो, घंटी वाजवायला काय होतं? दोघांचंही बरोबर असतं, आणि दोघंही एकमेकांना शिकवण्याच्या नादात रस्ता अडवून उभे असतात. धनगर मात्र त्या दोघांनाही वळसा घालून निघून जातो. रस्त्यावर कुत्रं घेऊन चालण्याचा त्याच्याइतका जुना अनुभव या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला नसेल. त्याला कुणी काही विचारत नाही.

या विषयाकडे मी वळलो त्याला कारण आहे, आणि ते फारसं अभिमानाचं नाही. १९८९ च्या हिवाळ्यात मी भाळवणीकडून नगरला सायकलवर येत होतो. उतार होता, वारा पाठीमागून होता आणि वय अठरा-एकोणीस. पुढे रस्ताभर मेंढरं. मी घंटी वाजवली, वेग काही कमी केला नाही. कडेने घुसलो तेव्हा कळपाचं कुत्रं झेपावलं. मी पाय उचलून त्याच्या तोंडावर लाथ घातली आणि स्वतःही खडीवर पडलो. कुत्र्याच्या तोंडातून रक्त आलं, माझे गुडघे फुटले. मागून घोड्याबरोबर चालणारी एक म्हातारी आली. तिने आधी कुत्र्याचं तोंड उघडून दात पाहिले, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "खाली उतरायचं व्हतं की. त्याला काय कळतंय, माणूस हाये का काय हाये ते." एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

ते वाक्य पुढे पस्तीस वर्षं डोक्यात राहिलं. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून कागद वाचत आलो. पण जुन्या वाटांचे कागद हाती येत गेले तसं म्हातारीचं म्हणणं मला अधिकाधिक अचूक वाटू लागलं.

आधी वाटेच्या रुंदीबद्दल. गावनकाशा उघडला की त्यावर तुटक रेषा दिसतात. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट. पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात, गाडीवाटेची साडेसोळा फुटांपासून पुढे. हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांचं मूळ इंग्रजी अमदानीतल्या मोजणीच्या साखळीत आहे. ही साखळी तेहेतीस फुटांची, आणि तिचे भाग सोळा, म्हणजे आणे. (तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या पोरालाही पाठ असतं.) सव्वाआठ फूट म्हणजे चार आणे साखळी, साडेसोळा म्हणजे आठ आणे. थोडक्यात, पायी माणसाला साखळीतला पावला हिस्सा आणि बैलगाडीला अर्धा.

या हिशेबात दोन गोष्टी बसत नाहीत. एक सायकल, मोजणी झाली तेव्हा ती इथे नव्हतीच. दुसरा कळप. दोन-तीनशे मेंढरं साडेसोळा फुटांत ओळीने चालत नाहीत, ती पसरतात. म्हणून कळपाची वाट नकाशापेक्षा वहिवाटीवर जास्त अवलंबून राहिली. पाणंदी, गायरानं, ओढ्यांचे काठ, पीक निघालेली रानं यांवरून ती जात असे. १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा आजही लागू आहे. शेताशी किंवा चराऊ जमिनीशी निगडित वाट कुणी अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेतकरी ती मागतोही. तहसील कचेऱ्यांत अशा दाव्यांचे गठ्ठे असतात. पण वाटसरू मेंढपाळ कुठे दावा लावणार? तारीख पडेपर्यंत तो दोन तालुके पुढे गेलेला असतो.

पारनेर तालुक्यातलं ढवळपुरी हे धनगरांचं मोठं गाव. पाऊस कमी, माळ उघडा. दिवाळीच्या आगेमागे तिथली बिऱ्हाडं घोड्यांवर लादली जातात आणि कळप टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाटाने कोकणात उतरतात. तिकडे भात निघालेलं असतं. मेंढरं शेतात बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. मेंढरं दख्खनी जातीची, काटक आणि लांब चालीची. नेमके याच दिवसांत पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून ऊसतोड कामगारांच्या गाड्या कारखान्यांकडे निघतात. १९५० साली प्रवरेकाठी पहिला सहकारी कारखाना उभा राहिला आणि जिल्ह्यात ऊस वाढत गेला, तशी ही दुसरी वाटचालही वाढली. त्या गाडीच्या आखाखालीही एक कुत्रं चालत असतं. ते फक्त सावली धरून चालतं, आपण मात्र त्याची म्हण करून टाकली. म्हणजे ज्या महिन्यात तुम्ही हा अंक वाचत आहात, त्याच महिन्यात नगर जिल्ह्यातले रस्ते जनावरांनी सगळ्यात जास्त भरलेले असतात.

कळपाचं कुत्रं आणि फिरायला नेलेलं कुत्रं यांत फरक आहे. कळपाचं कुत्रं कामावर असतं. या माळांवर लांडगा अजून आहे आणि ऊस झाल्यापासून बिबट्या गावाला चिकटला आहे. कुत्र्याने ओळखायचं असतं ते एवढंच, की जे कळपाकडे येतंय ते वेगाने येतंय का, खालच्या अंगाने येतंय का आणि आवाज न करता येतंय का. बैलगाडी घुंगरं वाजवत येते, मोटार लांबून ऐकू येते. पायी माणूस बोलतो, खाकरतो. सायकल मात्र पाठीमागून येते, निःशब्द येते आणि माणसाच्या पायांचा ठाव लागू देत नाही. सायकलवरचा माणूस कुत्र्याला माणूस वाटतच नसावा. उतरला की त्याला पाय दिसतात, अंगाचा वास येतो, आवाज येतो. म्हातारी बोलली होती ते याबद्दल. घंटीचा उपयोग माणसाला. कुत्र्याच्या लेखी ती फक्त आणखी एक अनोळखी आवाज.

मराठीतल्या पहिल्या गद्यग्रंथात, म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात, वाटेवरच्या कुत्र्यांची एक गोष्ट आहे. पारध्यांची कुत्री सशामागे लागतात आणि ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी येऊन ससा मागतात. स्वामी बोलतात ते पारध्यांशी, आणि अखेरीस ते ससा सोडून निघून जातात. अहिंसेची गोष्ट म्हणून आपण ती शिकलो. मला तिच्यात आणखी एक साधी गोष्ट दिसते. कुत्र्यांचा प्रश्न कुत्र्यांशी सोडवायचा नसतो, त्यांच्या माणसाशी बोलायचं असतं. भाळवणीच्या उतारावर मी नेमकं उलट केलं होतं.

आता कायदा. १८६० च्या दंडसंहितेत दोन कलमं होती. २७९ वं सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला किंवा स्वारी करणाऱ्याला, आणि २८९ वं जनावर निष्काळजीपणे बाळगणाऱ्याला. दोघांनाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. भारतीय न्याय संहितेत ती अनुक्रमे २८१ आणि २९१ झाली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याने भर घातली ती अशी: डाव्या बाजूने चाला, हिंस्र कुत्रं मुसक्याशिवाय मोकळं सोडू नका, कुत्रं कुणाच्या अंगावर घालू नका. दोन्ही पक्षांचे गुन्हे लिहिले गेले. समोरासमोर आल्यावर कुणी थांबायचं, हे मात्र लिहिलं गेलं नाही.

ते लिहिलेलं सापडलं मोटारींच्या कायद्यात, अगदी अनपेक्षित ठिकाणी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १३२ मुळात अपघातानंतर थांबण्याबद्दल आहे. पण त्यातलं एक उपकलम सांगतं की जनावर सांभाळणाऱ्या माणसाला आपलं जनावर वाहनाला बुजून आवरेनासं होईल अशी भीती वाटली आणि त्याने थांबायला सांगितलं, तर मोटारचालकाने थांबलं पाहिजे. १९३९ च्या जुन्या कायद्यातही अशी तरतूद होती. म्हणजे रस्त्यावर काठी आडवी धरणारा धनगर अडाणीपणा करत नसतो, कायद्याने दिलेला हक्क वापरत असतो. हे ना त्याला ठाऊक, ना ट्रकवाल्याला. मलाही पन्नाशी येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

पुढचं अधिक मजेचं आहे. 'जनावर' म्हणजे काय, याची यादी त्याच कलमात आहे: घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी आणि शेळी. हत्ती-उंट आहेत, कुत्रं नाही. आणि बंधन मोटारीला आहे, सायकलीला नाही. हा कायदा अंमलात आला १ जुलै १९८९ ला, माझ्या पडण्याच्या चार-पाच महिने आधी. त्या दिवशी माझ्या जागी ट्रक असता तर म्हातारी त्याला हक्काने थांबवू शकली असती. सायकलवाल्याला सांगायला तिच्याकडे कायदा नव्हता.

इंग्लंडात ही फट थोडी बुजवली गेली. १९६८ च्या एका कायद्याने तिथल्या घोडेवाटांवर सायकलींना परवानगी मिळाली, पण अट घालूनच. सायकलस्वाराने पादचाऱ्याला आणि घोडेस्वाराला वाट दिली पाहिजे. जो नंतर आला त्याने आधीच्याला विचारून जायचं, असा त्याचा सरळ अर्थ. आपल्याकडे नगरपालिकांनी सायकलीला कर लावला, बिल्ला दिला, दिवा नसेल तर पोलिसाने पकडलं, डबलसीटला दंड केला. वाट देण्याचा विषय कुणाच्या पुस्तकात आला नाही.

इथे मला थांबावं लागतं, कारण 'उतरा' हा शब्द आपल्या गावांत इतका निरागस कधीच नव्हता. कुणी कुणापुढे उतरायचं, हे जातीने ठरत होतं. चावडीपुढून, पाटलाच्या वाड्यापुढून जाताना दलितांनी वहाणा हातात घ्यायच्या. सायकल आली तेव्हा तोच नियम सायकलीला लागला. नवरदेवाला घोड्यावरून खाली ओढल्याच्या बातम्या आजही येतात. सायकलवर बसून गावातून ताठ जाणं ही कित्येकांसाठी वाहतुकीची नव्हे, स्वाभिमानाची बाब होती. माझ्या एका दलित मित्राला मी हे टिपण वाचून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला, "तू उतर म्हणतोस ते ठीक आहे. पण माझ्या बापाने न उतरण्यासाठी सायकल घेतली होती." याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच दिसतं, की म्हातारीने मला उतरायला सांगितलं तेव्हा ती रस्त्यावरची सगळ्यात दुबळी व्यक्ती होती. तिच्यापुढे उतरणं आणि वाड्यापुढे उतरणं या दोन क्रिया बाहेरून सारख्या दिसतात. ज्याला उतरावं लागलेलं आहे त्याला फरक लगेच कळतो. ज्याला कधीच उतरावं लागलं नाही, तोच बहुधा घंटी वाजवत घुसतो. मी तसाच घुसलो होतो.

जामखेड तालुक्यातलं चौंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. १७२५ साली धनगराच्या घरात जन्मलेल्या या बाईने पुढे देशभर घाट, विहिरी बांधल्या. २०२४ साली जिल्ह्याला तिचं नाव मिळालं. हमरस्त्यांवरच्या पाट्या बदलल्या. त्याच रस्त्यांना चार पदरं झाली, मधे दुभाजक आले, कडेला लोखंडी कठडे आले, आणि कळप ओलांडायला जागा शोधत मैलभर मागे फिरू लागले. मी हे टीका म्हणून लिहीत नाही. रस्ते मलाही हवे आहेत. पण आखणी करताना मोजणीच्या साखळीत जो बसला नव्हता, तो नव्या आखणीतही बसलेला नाही.

गेल्या दिवाळीआधी मी पुन्हा सायकल घेऊन त्याच भाळवणीच्या बाजूला गेलो. आता चढावर तसंही उतरावंच लागतं, त्यामुळे पुण्य माझ्या नावावर नको. कळप दिसला तसा मी कडेला उभा राहिलो, सायकल कळपाच्या विरुद्ध अंगाला धरली आणि मोठ्याने विचारलं, "कुठवर निघालात?" कुत्रं उठलं, दोन पावलं आलं, मालकाचा आवाज ऐकून बसलं. मेंढरं जायला सात-आठ मिनिटं लागली. शेवटच्या घोड्याबरोबर एक पोरगा होता. त्याने माझ्या सायकलीचे गिअर बघितले, किंमत विचारली, ऐकून हसला. मग म्हणाला, "नगरला जायचं का? मग ह्या फाट्यानं नका जाऊ. म्होरं खडी टाकलीय, चाक बसायचं."

मी दुसऱ्या फाट्याने गेलो.