बालकांच्या स्वच्छमंडलाची वक्रता व भूल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना
डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यास स्वच्छमंडल म्हणतात. मोतीबिंदू काढल्यानंतर किती शक्तीचे कृत्रिम भिंग बसवावे, हे मुख्यतः या पडद्याची वक्रता व डोळ्याची लांबी यांवरून ठरते. प्रौढ रुग्ण यंत्रातील खुणेकडे स्थिर पाहतो. तान्ह्या बालकाकडून ही अपेक्षा करता येत नाही. म्हणून त्याचे मोजमाप बहुधा संपूर्ण भुलेखाली होते. प्रस्तुत निबंधात या पद्धतीच्या जडणघडणीचा मागोवा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी
इ.स. १६१९ मध्ये शायनर याने डोळ्यातील खिडकीचे प्रतिबिंब काचेच्या गोळ्यांवरील प्रतिबिंबांशी ताडून वक्रतेचा अंदाज घेतला. पुढे हेल्महोल्ट्झने त्यासाठी अचूक यंत्र रचले व १८८१ मध्ये जावाल आणि श्यॉट्झ यांनी रुग्णालयात सोयीचे यंत्र सिद्ध केले. मात्र ते हनुवटी टेकवून बसणाऱ्या रुग्णासाठी होते.

भुलेचा इतिहास स्वतंत्रपणे घडला. १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. मराठवाडा ज्यात समाविष्ट होता त्या हैदराबाद संस्थानात १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेविषयी दोन आयोग बसले. १९४९ मध्ये लंडन येथे रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसविले आणि हे दोन्ही प्रवाह जवळ आले.

बालकांचा प्रश्न
नवजात बालकाच्या स्वच्छमंडलाची शक्ती सुमारे ५१ डायॉप्टर, तर प्रौढाची सुमारे ४३ ते ४४ डायॉप्टर असते. १९८० च्या सुमारास रूढ झालेल्या सूत्रानुसार वक्रतेच्या मापात १ डायॉप्टरची चूक झाल्यास भिंगाच्या शक्तीत ०.९ डायॉप्टरचा फरक पडतो. भुलेखाली मूल उताणे असते, बुबुळ वर सरकते, पृष्ठभाग कोरडा पडतो आणि पापण्या उघड्या ठेवणाऱ्या चिमट्याच्या दाबाने वक्रताही बदलू शकते. हातात धरावयाच्या स्वयंचलित यंत्राने बैठकीची अडचण दूर केली. डोळा ओला व सरळ ठेवण्याची दक्षता मात्र तज्ज्ञाकडेच राहिली.

चांदवडचा संदर्भ
नाशिकपासून सुमारे ६५ कि.मी. अंतरावरील चांदवडसारख्या तालुक्यात खरा प्रश्न यंत्रापूर्वीचा आहे. जन्मजात दाट मोतीबिंदूवर पहिल्या काही आठवड्यांत उपचार न झाल्यास मेंदू त्या डोळ्याने पाहण्यास शिकतच नाही. पुढे अचूक भिंग बसविले तरी ही हानी पूर्णतः भरून येत नाही. २०१३ मध्ये पालघर येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदूचा समावेश आहे. प्रसूतिस्थानी व आशा कार्यकर्तीच्या गृहभेटीत होणारी तपासणी म्हणूनच निर्णायक ठरते.

निष्कर्ष
शायनरच्या काचेच्या गोळ्यांपासून हातातील यंत्रापर्यंत मोजमाप सूक्ष्म होत गेले. तथापि त्याचा लाभ, बाहुलीतील पांढरा ठिपका घरातच वेळीच ओळखला जाण्यावर अवलंबून आहे.