सांचीच्या धरणांतील गाळ आणि त्याचे वय

सांचीचे नाव घेताच महास्तूप, त्याची चार तोरणे आणि त्यांवरील शिल्पपट डोळ्यांसमोर येतात. सर जॉन मार्शल यांनी १९१२ ते १९१९ या काळात जे काम केले, त्याचा रोखही टेकडीवरील स्मारकांकडेच होता. टेकडीच्या पायथ्याशी व आसपासच्या खोऱ्यांत मातीच्या भरावाला दगडी तोंड देऊन बांधलेली जुनी धरणे आहेत. ती अभ्यासकांच्या नजरेत भरायला विसावे शतक संपत आले. पुरातत्त्वज्ञ ज्युलिया शॉ यांनी १९९८ पासून सांचीभोवतीच्या सुमारे ७५० चौरस किलोमीटर प्रदेशाची पाहणी केली आणि जलतज्ज्ञ जॉन सटक्लिफ यांच्या साहाय्याने अशा सोळा-सतरा धरणांचा अभ्यास मांडला.

ही धरणे केव्हाची, हा पहिला प्रश्न. स्तूपावर दात्यांचे शेकडो लेख आहेत. गहपती, वाणी, भिक्खू, भिक्खुनी यांची नावे आपण तेथे वाचतो. धरणांना असा आधार नाही. काही धरणांजवळ नागप्रतिमा आढळल्या व त्यांच्या शैलीवरून काळाचा अंदाज बांधता आला. पण प्रतिमा धरणानंतर कित्येक पिढ्यांनीही बसवलेली असू शकते. म्हणून खुद्द गाळालाच त्याचे वय विचारावे लागले. गाळाचे वय काढण्याची ही रीत पुरातत्त्वात ‘ल्युमिनेसन्स’, म्हणजे दीप्तीवर आधारलेले कालमापन, या नावाने ओळखली जाते.

या पद्धतीचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. मातीतील युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांतून आणि अंतराळातून येणाऱ्या किरणांतून अल्पसा किरणोत्सार सतत चालू असतो. वाळू-गाळातील क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे, कण त्यातील थोडी ऊर्जा धरून ठेवतात. कणावर ऊन पडले की हा साठा रिकामा होतो. कण गाडला गेला की तो पुन्हा भरू लागतो. प्रयोगशाळेत मंद लाल प्रकाशात कण वेगळे काढून त्यांवर निळा किंवा हिरवा प्रकाश टाकला, तर साठलेली ऊर्जा क्षीण उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. त्या उजेडावरून एकूण साठा ठरतो, त्या जागी वर्षाला किती साठा होतो हे स्वतंत्रपणे मोजले जाते आणि पहिल्याला दुसऱ्याने भागले की कणाने शेवटचे ऊन पाहिल्यापासूनची वर्षे मिळतात. मडक्यांसाठी उष्णता देऊन केलेले असेच मोजमाप आधीपासून होते. उजेडाने उद्दीपित करून गाळाचे वय काढता येते, हे कॅनडातील हंटली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवले. नमुना मात्र अंधारातच घ्यावा लागतो. क्षणभर ऊन लागले, तर दोन हजार वर्षांची नोंद पुसली जाते.

यात अडचणीही आहेत. गढूळ पुरातून वाहत आलेल्या कणाला पुरेसे ऊन मिळालेले नसते. मग वय आहे त्यापेक्षा जास्त निघते. उलट, काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते (आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको) आणि वरचे कण खोल जाऊन बसतात. मग वय कमी निघते. जमिनीत पाणी किती होते, यावरही वार्षिक हिशेब बदलतो.

सांची परिसरातील दोन धरणांच्या गाळावर ही चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि इ.स.पूर्वीच्या शेवटच्या शतकांत धरणबांधणी सुरू झाली या अनुमानाला त्यांनी पाठबळ दिले. स्तूप, विहार आणि धरण एकाच युगातील ठरतात, असा याचा अर्थ. पण येथे संयम हवा. अशा मोजमापात सामान्यतः पाच ते दहा टक्के अनिश्चितता असते. बावीसशे वर्षांच्या गाळाला म्हणजे ११० ते २२० वर्षे. तेवढ्या अंतरात सम्राट अशोकाचा काळ (सुमारे इ.स.पू. २६८ ते २३२) आणि त्यानंतरचा शुंगकाळ दोन्ही मावतात. ‘अशोकाने धरणे बांधली’ असे वाक्य या पुराव्यावर कोणी लिहू नये. शिवाय वय गाळाचे कळते, भिंतीचे नव्हे. भिंत तळाच्या गाळाच्या आधीची, एवढेच म्हणता येते.

तरीही याचे मोल मोठे आहे. माळव्याच्या काळ्या जमिनीत गहू जमिनीतल्या ओलीवर येतो, भाताला मात्र पाणी द्यावे लागते. त्यामुळे ही धरणे मुख्यतः भातशेतीसाठी असावीत आणि संघ या व्यवस्थेत गुंतलेला असावा, असे शॉ यांचे प्रतिपादन आहे. भिक्खूसंघ हा समाजापासून अलिप्त, केवळ दानावर जगणारा, हे चित्र अनेक ग्रंथांत गृहीतच धरलेले असते. भिक्खू हा केवळ आदर्श पुरुष की समाजसेवक, हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत उभा केला. सांचीचा गाळ त्याचे उत्तर देत नाही, पण त्या प्रश्नाला मातीतला एक पुरावा जोडतो. संयुत्त निकायातील वनरोप सुत्तात बाग लावणारे, सेतू बांधणारे, पाणपोई व विहीर देणारे यांचे पुण्य अहोरात्र वाढते असे म्हटले आहे. पालीत ‘सेतु’ म्हणजे पूल, तसाच बांधही. गिरनारच्या ज्या शिळेवर अशोकाचे लेख आहेत, तिच्यावरच रुद्रदामनाचा इ.स. १५० चा लेख आहे. सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळी बांधला गेला, अशोकाच्या काळी त्याला पाट जोडले गेले आणि रुद्रदामनाने फुटलेला बांध पुन्हा घातला, ही हकीकत सांगताना तो लेखही सेतू हाच शब्द वापरतो.

मग माती कोणी वाहिली? विनयाप्रमाणे भिक्खूने जमीन खणणे हा पाचित्तिय दोष आहे. महावग्गात पिलिंदवच्छ थेरांची कथा आहे. ते राजगृहाजवळ लेण्यासाठी कड्याखालची जागा साफ करीत होते, ते पाहून बिंबिसाराने आरामिक देऊ केला आणि तथागतांनी आरामिक ठेवण्यास अनुज्ञा दिली. राजा ते विसरला. पाचशे दिवसांनी आठवण होताच त्याने पाचशे आरामिक दिले आणि त्यांचे एक गावच वसले. सांचीच्या बांधांवर राबणारे असे आरामिक होते, आसपासचे शेतकरी होते, की राजाने लावलेले वेठीचे लोक होते, हे क्वार्ट्झच्या कणावरून कळत नाही. त्यासाठी धरणांखालच्या जुन्या वस्त्या खणाव्या लागतील आणि विनयातील आरामिक व कप्पियकारक यांचे उल्लेख कालक्रमाने लावावे लागतील. हे दुसरे काम आपल्या पाली अभ्यासकांचे आहे.