रक्तातील धुळीचा पूर्वेतिहास

मूलपेशींच्या संवर्धनातून महत्प्रयासाने आणि प्रचंड खर्चाने ज्या सूक्ष्म पुटिका, म्हणजे पेशीने बाहेर सोडलेल्या इवल्या पिशव्या, आज काढल्या जातात व ज्यांना 'एक्सोसोम' असे नामाभिधान आहे, त्यांचा पूर्वेतिहास चाळू लागले असता असे निदर्शनास येते की, निसर्गाने त्या रक्तात, दुधात, फार काय गाजरासारख्या यःकश्चित कंदमुळातही उदंड ठेविल्या होत्या. परंतु शास्त्रज्ञांच्या दफ्तरी त्यांची नोंद दीर्घकाळ केवळ केरकचरा म्हणूनच होत राहिली.

१९४६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात चारगॅफ आणि वेस्ट यांनी रक्तद्रव अतिवेगाने फिरवून तळाशी बसलेला गाळ वेगळा केला, तेव्हा गाळ काढलेला द्रव गोठावयास विलंब लागतो आणि गाळ परत मिसळताच तो शीघ्र गोठतो, हे त्यांच्या ध्यानी आले. पुढे १९६७ साली पीटर वुल्फ यांनी गोठण्यास हातभार लावणारे असल्या गाळातील कण प्लेटलेटांपासूनच निघतात असे दाखविले खरे, पण 'प्लेटलेटची धूळ' म्हणून त्यांची संभावना केली. त्याच वर्षी हॅल्परिन व जेन्सन यांना गाजराच्या पेशी आपल्या आवरणाबाहेर अशाच पुटिका सोडताना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या. ते निरीक्षणही दप्तरदाखल होऊन पडले.

खरी तड लागली ती कॅनडातील माँट्रिऑलच्या मॅकगिल विद्यापीठात, मेंढीच्या रक्तावर. अपक्व तांबडी पेशी प्रौढ होताना लोह आत घेणारी तिची ग्राहके नाहीशी होतात, ती जातात कोठे, एवढाच प्रश्न रोझ जॉनस्टोन यांच्यापुढे होता. आणि ती ग्राहके पुटिकांत बांधून पेशीबाहेर टाकली जातात, हे उत्तर त्यांना व त्यांचे सहकारी पॅन यांना १९८३ च्या सुमारास गवसले. सेंट लुईस येथील स्टाल यांच्या चमूलाही उंदराच्या रक्तात हेच आढळले. जॉनस्टोनबाईंनाही आरंभी हा पेशीने नको असलेला माल बेदखल करण्याचाच व्यवहार वाटला, यात नवल नाही. १९९६ पासून या पुटिका प्रतिकारशक्तीस चेतवितात असे दिसले, आणि २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी त्या एका पेशीचा आरएनए दुसरीकडे पोचवितात असे दाखविताच त्यांचे भाग्य पालटले. २०१० साली सिंगापूरच्या संशोधकांनी मूलपेशींच्या एक्सोसोमांनी उंदराच्या हृदयाची इजा कमी होते असे प्रसिद्ध केले.

मूलपेशी वाढविणे महाग आणि उतारा तुटपुंजा, म्हणून दृष्टी पुन्हा निसर्गाच्या कोठाराकडे वळली. २००७ साली मातेच्या दुधात, तर २०१० साली गाईच्या दुधात या पुटिका सापडल्याची नोंद झाली. २०१६ साली अमेरिकेतील लुईव्हिल येथे गुप्ता व सहकाऱ्यांनी गाईच्या दुधातील पुटिकांत औषधे भरून पाहिली, आणि त्याच वर्षी अटलांटात आल्याच्या रसातील कणांनी उंदरांच्या आतड्याचा दाह शमल्याचे वृत्त आले. मात्र आले वाटून काढलेल्या रसात पेशीने स्वेच्छेने सोडलेल्या पुटिकांबरोबर फुटलेल्या पेशींचे तुकडेही येतात, म्हणून काटेकोर अभ्यासक त्यांना 'एक्सोसोमसदृश' एवढेच म्हणतात, आणि तो संकोच मला रास्त वाटतो.

बाजारात मात्र असा संकोच दिसला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नेब्रास्का राज्यात एक्सोसोमयुक्त म्हणून विकलेल्या द्रव्यांनी रुग्णांना गंभीर अपाय झाल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर ताकीद दिली, तेव्हा त्या प्रशासनाने मंजूर केलेले एक्सोसोमचे एकही औषध बाजारात नव्हते. गाईच्या वा आल्याच्या पुटिकांनाही मंजुरीसाठी त्याच दरबारी रुजू व्हावे लागेल.