तारेची नळी आणि तिचे माप

1882 सालच्या सप्टेंबरच्या 4 तारखेस न्यूयॉर्क शहरी पर्ल स्ट्रीटवरील एडिसनचे वीजगृह चालू झाले, तेव्हा वीज घरापर्यंत आणावयाची कशी हा प्रश्न सुटला होता. घरात आल्यावर तिला ठेवावयाचे कोठे, हा सुटला नव्हता. आरंभी तारा पुष्कळदा लाकडी पट्टीच्या खाचेत बसवीत. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतील केसिंग-कॅपिंग ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या पट्टीचे निराळे वर्णन नको. वेष्टन झिजले, ओल शिरली, की ठिणगीला जळण शेजारीच तयार!

याची धास्ती आगीचा विमा उतरणाऱ्या कंपन्यांनी घेतली, हे स्वाभाविकच होते. भरपाईचा पैसा त्यांच्याच पेटीतून जावयाचा होता. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातील विद्युत्-मंदिराची तपासणी करण्यास त्यांनी विल्यम हेन्री मेरिल या तरुण अभियंत्यास धाडले. पुढच्याच वर्षी त्याने विद्युत् साहित्य पारखणारी एक लहानशी संस्था उभी केली. अमेरिकेत तोवर एकमेकींशी न जुळणाऱ्या अनेक नियमावल्या चालत. त्यांच्या जागी 1897 साली एक राष्ट्रीय विद्युत्-संहिता आली आणि 1911 पासून तिचा सांभाळ अग्निसंरक्षणाच्या राष्ट्रीय संघाकडे गेला.

नळीची कल्पना याच काळातली. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन, ज्याने 1882 च्या नाताळात आपल्या घरचे झाड विजेच्या दिव्यांनी उजळले तोच हा गृहस्थ, डांबरी द्रव्यात मुरवलेल्या कागदी नळ्या विकणाऱ्या कंपनीचा प्रमुख होता. कागदाची जागा मागाहून लोखंडाने घेतली. ही लोखंडी नळी गॅसच्या नळीची धाकटी बहीण; म्हणून मापांची नावेही तिने माहेरचीच ठेवली. अर्ध्या इंचाची म्हणून जी नळी विकतात, तिचे आतील तोंड 0.6 इंचाहून मोठे असते. व्यवहारी नाव एक आणि खरे माप दुसरे!

आता नळीत तारा किती घालाव्यात? संहितेचे उत्तर प्रथमदर्शनी विचित्र वाटते. एकच तार असेल तर तिने नळीच्या आतील क्षेत्राचा शेकडा 53 भाग व्यापावा. तीन किंवा अधिक असतील तर शेकडा 40. पण दोनच असतील तर अवघा 31. दोन तारांवर हा अन्याय का? कागदावर वर्तुळे काढून पाहिल्यास उलगडा होतो. दोन समान तारा शेजारी शेजारी राहिल्या की त्यांची रुंदी आडवी पसरते. शेकडा 31 क्षेत्र व्यापताच त्या नळीच्या व्यासाचे सुमारे शेकडा 79 भाग अडवतात. तीन तारा त्रिकोणाने एकमेकींस बिलगतात आणि शेकडा 40 व्यापूनही त्यांचा घेर तेवढाच, शेकडा 79 च, भरतो. आकडे निराळे; मोकळीक एकच.

ही मोकळीक दोन कारणांनी हवी. तारा ओढताना वेष्टन खरचटू नये, हे एक. आणि तारा तापतात, हे दुसरे. प्रवाह वाहणाऱ्या तारा तीनहून अधिक झाल्या की प्रत्येकीची वहनशक्ती कमी धरावी लागते. चार ते सहा तारांस शेकडा 80. वळणांचाही हिशेब आहे. दोन पेट्यांच्या दरम्यान चार काटकोनांहून अधिक वळण चालत नाही. जाड तारा सरळ ओढावयाच्या तर पेटीची लांबी नळीच्या मापाच्या आठपट हवी. दोन इंची नळीस 16 इंच. ताठ तार कोंबून बसवताना तिची पाठ मोडू नये, म्हणून ही ऐसपैस जागा.

एवढे पाळूनही एक फट राहते. नळीचा आतील व्यास तारेच्या व्यासाच्या तिपटीजवळ आला, म्हणजे तीन तारांनी केवळ 33 टक्के क्षेत्र व्यापले, की वळणावर त्या तिन्ही एका रांगेत येऊन नळीत घट्ट रुतून बसू शकतात. चाळिसाच्या मर्यादेत हे सारे निर्दोष ठरते. संहिता या धोक्याची सूचना देते. पण ती केवळ टीपेत, नियमात नव्हे. अशा वेळी वायरमन एक माप मोठी नळी घेतो.