व्याख्येचा उरलेला अर्धा भाग

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 2 मध्ये दिव्यांग व्यक्तीची व्याख्या एकाच वाक्यात दिली आहे. त्या वाक्याचा मराठी आशय इथे पाच ओळींत फोडून एकेक ओळ घेतो. उदाहरणं सातारा-सांगलीची आहेत. एक शहर अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेलं, दुसरं कृष्णेच्या पुरात दर काही वर्षांनी सापडणारं.

ओळ 1 : जिला दीर्घकाळची

महिना-दोन महिन्यांचं प्लास्टर यात येत नाही. पण ज्याच्या अवस्थेत सुधारणा संभवते त्याला मुदतीचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र मिळतं आणि मुदत संपली की पुन्हा वैद्यकीय मंडळापुढे जावं लागतं. पाटणच्या डोंगरातल्या वाडीवरून किंवा जतच्या पूर्व भागातून निघायचं, तर सोबत येणाऱ्याचाही रोजगार बुडतो.

ओळ 2 : शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची क्षती आहे

1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. वैद्यकीय मंडळाचं काम या ओळीपुरतं. ते टक्केवारी ठरवतं आणि चाळीस टक्के भरले की बहुतेक सवलतींचं दार उघडतं. दिव्यांगांच्या युडीआयडी ओळखपत्रावरची पांढरी, पिवळी किंवा निळी पट्टीही त्या आकड्यावरूनच ठरते. आकडा शरीराबद्दल खरं सांगतो, जगण्याबद्दल फार थोडं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये एफ-46 गटात 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य पदक मिळवलं. तिथे गट पाडताना हाताची क्षती फेकण्याच्या कामात कितपत आड येते हे पाहतात. आपल्या प्रमाणपत्राला मात्र माणूस काय करतो हे ठाऊकच नसतं.

ओळ 3 : आणि अडथळ्यांशी गाठ पडल्यावर

माझ्या मते साऱ्या व्याख्येचा जीव या ओळीत आहे. 1995 चा कायदा दुसऱ्या ओळीपाशीच थांबला होता. भारताने 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा करार मान्य केला आणि त्यातून ही ओळ आपल्याकडे आली. तिचा अर्थ असा की अपंगत्व एकट्या शरीरात नसतं. शरीर आणि पायरी यांची गाठ पडते तिथे ते घडतं.

इस्लामपूरजवळच्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पोहणं त्यांनी उपचार म्हणून धरलं. 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून ते पॅरालिम्पिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारे पहिले भारतीय ठरले. पाण्यात पायरी नसते, उंबरा नसतो. तलावातून बाहेर येऊन खुर्चीत बसलं की तेच शरीर पुन्हा प्रत्येक दारापाशी अडतं. मणका दोन्हीकडे तोच.

आता उताराचं गणित बघा. मानकाप्रमाणे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा रॅम्प लागतो. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. पण शाळांच्या, कार्यालयांच्या दारात दिसतात ते पाच-सहा फुटांचे सिमेंटचे घसरगुंडीसारखे तुकडे, त्यांना कठडा नाही आणि पायथ्याशी उघडं गटार. चाकाची खुर्ची त्यावर एकट्याने चढत नाही. मागून लोटणारा लागतोच, आणि उतरताना त्याचेही पाय सटकतात. कागदावर तो रॅम्प झालेला असतो.

कलम 45 प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम जून 2017 चे, म्हणजे मुदत 2022 मध्येच सरली. नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचा नियम 15 कायद्याशी विसंगत ठरवला आणि केंद्राला बंधनकारक मानकं ठरवायला सांगितली. इतकी वर्षं ती मानकं जवळपास शिफारशीच होती. एसटीत दिव्यांगांना तिकिटात 75 टक्के सवलत आहे, ती मोलाची आहे. पण साध्या लाल गाडीची पहिली पायरी गुडघ्याएवढी उंच, आणि सवलत सुरू होते ती आत चढल्यावर.

ओळ 4 : तिच्या समाजातल्या पूर्ण आणि परिणामकारक सहभागात आडकाठी येते

2024 च्या लोकसभेला चाळीस टक्क्यांवरच्या दिव्यांगांना घरून मतदानाची सोय मिळाली. चांगलं झालं. पण गावकारभार पाच वर्षांतून एकदा चालत नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. त्याचा जाब विचारायची जागा ग्रामसभा. ती वरच्या मजल्यावर किंवा पायऱ्या चढून जायच्या सभामंडपात भरली, तर ज्यांचा पैसा तेच खाली राहतात. ऐकू न येणारा वर पोचला तरी चर्चा त्याच्यापर्यंत पोचत नाही.

ओळ 5 : इतरांच्या बरोबरीने

सांगलीत हे शब्द पावसाळ्यात तपासावेत. आयर्विन पुलाजवळ कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा आणि 45 फुटांवर धोका. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. इशारा भोंग्यावरून दिला तर तो कर्णबधिराला मिळत नाही. अंथरुणाला खिळलेल्याला मिळतो, पण त्याला जिन्यावरून उचलून नावेत ठेवायला चार माणसं लागतात. म्हणून कलम 8 प्रमाणे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने दिव्यांगांची नोंद ठेवायची आहे आणि धोक्याची माहिती त्यांच्यापर्यंत पोचवायची आहे. ही नोंद नुसती नावं आणि टक्केवारी यांची असून भागणार नाही. कोण ऐकत नाही, कोणाला उचलावं लागतं, कोणाचा श्वास विजेच्या यंत्रावर आहे, घर कोणत्या गल्लीत नि कितव्या मजल्यावर, हे मे महिना संपायच्या आत तलाठ्याच्या, सरपंचाच्या आणि नाव चालवणाऱ्याच्याही हातात पडायला हवं.